पहारीची सावली

सूर्य सगळ्यांना सारखा असतो, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. साठी उलटली, सारी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, तरी हे वाक्य कानावर पडलं की तळपायाची आग मस्तकाला जाते. घरचे म्हणतात, आता तरी शांत हो. कशी होऊ?

लातूर नवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं, नायगावहून बिलोलीकडं जाताना मधेच आत वळावं लागतं त्या बाजूचं. सासर उदगीरकडचं, म्हणून नोकरी नव्या जिल्ह्यात. नवा जिल्हा म्हणजे नव्या पाट्या, नवे शिक्के आणि धूळ उडवत येणाऱ्या नव्या जीपगाड्या. पाणी तेवढं जुनंच, म्हणजे नसलेलं. तर अशाच एका जीपमधून गटविकास अधिकारी आमच्या शाळेवर आले. शाळाही त्यांच्या हाताखाली आणि तालुक्यातली रोजगार हमीची काही कामंही त्यांच्याच हाताखाली. माझ्या सातवीच्या वर्गात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "चालू द्या बाई."

मी पृथ्वीच्या फिरण्याचा धडा घेत होते. टेबलावर चिमणी पेटवलेली, तो सूर्य. हातात कवठ, त्यात आरपार खुपसलेली सुई, ती पृथ्वी. सुई जरा कललेली धरून मी कवठ चिमणीभोवती फिरवत होते. साहेब खूश झाले. उठून उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, "बघा, निसर्ग कधी भेदभाव करत नाही. सूर्य गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात कवठ होतं म्हणून बरं, नाहीतर मी टाळी वाजवली नाही हे साहेबांच्या लक्षात आलं असतं.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर. आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. पोरीचे डोळे लकाकत होते, काहीतरी सापडलं होतं तिला. "बाई, म्हनूनच आमच्या मायच्या कामावर लिंबाची सावली..."

"खाली बस!" मी ओरडले.

साहेबही दचकले. पोरगी मटकन खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मी कधी कुणावर असं खेकसत नसे. पण मला त्या क्षणी ती दिसतच नव्हती. मला दिसत होती परकर-पोलक्यातली मी, माझ्या हातातलं कवठ, आणि खुर्चीत बसलेला एक वेगळा साहेब.

मी बारा वर्षांची होते तेव्हा दुष्काळ पडला. बाप निजामाबादकडं दगडाच्या खाणीवर गेला होता, घरी माय, मी आणि धाकटा भाऊ. आमची वस्ती गावाबाहेर. धर्मांतर होऊन बरीच वर्षं झाली होती, वस्तीत चार पत्र्यांचा विहारही होता, पण गावाच्या लेखी आम्ही जिथं होतो तिथंच होतो. गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया टोपली घेऊन तिथं जायला लागल्या. पुरुष खोदायचे, बाया माती वाहायच्या, आणि एक मुकादम छत्री घेऊन बांधावर उभा असायचा.

आमच्या वस्तीची विहीर आटली होती. पाणी राहिलं होतं एका मळेवाल्याच्या विहिरीला. पंचांनी बसून ठरवलं, सकाळपासून गावानं भरावं, आणि सगळ्यांचं भरून झालं की संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा वस्तीनं भरावं. विहिरीला तारेचं कुंपण आणि लाकडी फाटक. फाटकाशी मळेवाल्याचा म्हातारा चुलता बसायचा, त्याच्या खिशात साखळीचं घड्याळ. साडेसहा झाले की फाटक बंद, मग तुमची घागर अर्धी असो की रिकामी. विहीर सात-आठ पुरुष खोल, कट्टा ढासळलेला, म्हणून लेकरांना आत सोडत नसत. मोठी बाईच पाहिजे. मी आणि भाऊ घागरी घेऊन कुंपणाबाहेर नंबर धरून बसायचो आणि कामावरून येणाऱ्या मायची वाट बघायचो. ती आली तर पाणी. इतका सरळ हिशेब होता.

कामाची सुट्टी पाचाला. तिथून चालत अर्धा तास. पण मुकादमाचे पाच कधी वाजायचे ते मुकादमालाच माहीत. मनगटावर घड्याळ होतं त्याच्या, पण ते बायांच्या सोयीनं कधीच चालायचं नाही. बायांना ते वाचताही येत नव्हतं. कुरकुर सगळ्याच करायच्या, तोंडावर बोलायची हिंमत एकीलाच होती. ती माझी माय.

पौष महिना होता. रविवार म्हणून मीही कामावर गेले होते. त्या दिवशी जीप घेऊन साहेब आला होता, कामावरचा ओव्हरसिअर. माय टोपलं खाली ठेवून सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, ह्या मुकादमाचं घड्याळ आमाला वाचता येत न्हाई. सावली वाचता येती. आमाला सावली लावून द्या."

साहेबाला गंमत वाटली. त्यानं मुकादमाला एक पहार जमिनीत उभी ठोकायला लावली. स्वतःच्या घड्याळात पाच वाजलेले बघितले आणि पहारीची सावली पूर्वेला जिथं पोचली होती तिथं दक्षिणोत्तर दगडांची एक ओळ मांडायला सांगितली. "सावली दगडाला लागली की सुट्टी. झालं समाधान?" झालं म्हणजे काय! बायांनी मायला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. घड्याळाला चावी असते, ती माणूस फिरवतो. सावलीला कोण हात लावणार? त्या संध्याकाळी माय सगळ्यांच्या पुढं चालत आली, आणि मी तिला इतकं ताठ चालताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. सावली दगडाला लागायची, बाया निघायच्या, फाटक उघडं असायचं. मग हळूहळू बिघडायला लागलं. आधी कुणाला कळलंही नाही. माय फाटकाशी यायची तेव्हा रांग पुढं सरकलेली असायची. होळीच्या सुमाराला तिसरी घागर रिकामी राहायला लागली. म्हातारा घड्याळ काढायचा, "चला, झाली येळ," आणि फाटक ओढायचा. चैत्र निघाला तशी दुसरी घागरही कधी मिळायची, कधी नाही. बाया आधी एकमेकींवर घसरल्या. तू रमतगमत चालतीस, तुझ्यामुळं उशीर होतो. मग मुकादमावर. पण मुकादम हात वर करून मोकळा, "मी काय करू बाई? सावली बगा की. लागली का दगडाला? मग?"

आणि सावली खरंच लागलेली नसायची.

आता कुणी शहाणा म्हणेल, बायांना एवढं कळू नये? सगळं कळत होतं. चंद्र रोज उशिरा उगवतो हे मायला पाठ होतं. थंडीत आमच्या दारातून ऊन पार जात्यापर्यंत येतं आणि उन्हाळ्यात उंबऱ्यातच थांबतं, हे ती मला सांगायची. सूर्य जागा बदलतो हे तिला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. फक्त घरातल्या उंबऱ्याचा आणि कामावरच्या त्या दगडांचा संबंध तिनं जोडला नव्हता. ते दगड साहेबाच्या हुकमानं मांडलेले होते. साहेबाच्या हुकमानं मांडलेली गोष्ट चुकीची होत जाईल, हे मनात येत नाही माणसाच्या.

मला ते दिसलं झेंड्याच्या खांबामुळं. मायनं सावली लावून घेतली याचा मला एवढा अभिमान होता की मीही शाळेत तसंच सुरू केलं होतं. पाचाची घंटा झाली की मी पळत जाऊन खांबाच्या सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायची. रोज एक. चैत्र सरेपर्यंत खड्यांची रांग झाली, आणि ती रांग खांबाच्या जवळ जवळ येत गेली होती. घंटा तीच, घड्याळ तेच, सावली मात्र आखूड. मी गुरुजींना विचारलं. गुरुजी तरुण होते, लातूरकडचे, फार जीव लावून शिकवायचे. त्यांनी वर्गाचं दार लोटलं, चिमणी पेटवली, कवठात सुई खुपसली आणि कललेली पृथ्वी मला तिथं पहिल्यांदा दिसली. पौषात आपण सूर्याकडून पलीकडं झुकलेले असतो, सूर्य खाली राहतो, लवकर मावळतो. वैशाखात त्याच्याकडं झुकलेले असतो, तो डोक्यावर येतो, उशिरा मावळतो. "म्हणून पाच वाजता उन्हाळ्यात सूर्य अजून वर असतो आणि सावली आखूड पडते," गुरुजी म्हणाले.

मी उभीच राहिले. "मग गुरुजी, सावली पौषाएवढी लांब व्हायला पाचाच्या किती पुढं जावं लागेल?"

गुरुजींना आधी प्रश्न कळला नाही. मग कळला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी म्हणाले, तुम्ही कामावर चला, मुकादमाला सांगा. ते कवठातली सुई काढत बसले. म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे गं. ते खातं वेगळं." आजवर मी त्यांना माफ केलेलं नाही. पृथ्वी कशी कलते ते सांगायला त्यांची हरकत नव्हती, पण ती कुणाच्या अंगावर कलते ते सांगायची वेळ आली तेव्हा खातं वेगळं झालं.

घरी येऊन मी मायला सांगितलं. तिला पटेना. "सूर्य आसा लबाडी करत नसतो," म्हणाली. मग मी तिला दारातलं ऊन दाखवलं. जात्यापर्यंत येणारं ऊन उंबऱ्याशी थांबलं होतं. ती बराच वेळ त्या उन्हाकडं बघत बसली. आणि मग कपाळावर हात मारून घेतला, "मीच मागितली गं सावली. मी माझ्याच तोंडानं मागितली."

तोवर घोळ सावलीचाच आहे हे बायांनाही उमगलं होतं, वेगळ्या वाटेनं. वैशाखातल्या एका संध्याकाळी पंधरा-वीस घरांच्या घागरी कोरड्या परतल्या तेव्हा एक जण मायच्या अंगावर धावूनच आली, "तूच मागितलीस ना सावली? पी आता सावली!" मायनं मान खाली घातली. मला त्या बाईचा राग आला, आणि आज कळतं की तिचा राग करण्यात काही अर्थ नव्हता. घरी तिचं तान्हं लेकरू होतं आणि घागर कोरडी होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी मळ्यावरून जात होते. ऊन असं की माझी सावली पायाखाली गडप झालेली. कुंपणातून डोकावले तर विहिरीच्या तळाला ऊन पोचलं होतं. एरवी काळोख असलेला तो तळ स्वच्छ दिसत होता, गाळ, चार दगड आणि मधोमध ताटाएवढं पाणी. वर्षातून दोनदाच सूर्य आमच्या भागात असा बरोब्बर डोक्यावर येतो, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की या सूर्याला आमचं काहीच झाकून ठेवायचं नाही.

शाळा नुकतीच सकाळची झाली होती, दुपारनंतर मी मोकळी. दुसऱ्या दिवशी मी मायबरोबर कामावर थांबले. सावली दगडांकडं सरकत होती, बाया टोपली टाकून तिच्याकडं डोळे लावून होत्या. ती दगडाला लागली त्या क्षणी माय मुकादमापुढं गेली. "हात दावा. माझी पोरगी घड्याळ वाचती."

मुकादम हसला. हात मागं घेतला. तिनं पुन्हा म्हटलं. बाया एकेक करून भोवती आल्या, तेव्हा त्याला हात पुढं करावा लागला. मी वाचलं, मोठ्यानं. पावणेसहा होत आले होते.

म्हणजे रोज पाऊण तास. रोज त्याच्या मनगटावर ते दिसत होतं. महिनोन्महिने त्यानं ते बघितलं होतं आणि बायांना सावलीकडं बोट दाखवलं होतं. मला वाटलं आता तो ओशाळेल. कसला ओशाळतोय! म्हणाला, "सूर्य काय माझ्या बापाचा नोकर हाय का? तुमीच सावली मागितली, मी दिली. सूर्य हालला तर मी काय करू?"

"दगड हालवा," माय म्हणाली.

बायांचा रंग बघून त्यानं वाद घातला नाही. पावसाळा तोंडावर होता, पाऊस पडला की काम बंद होणार, चार आठवड्यांसाठी कशाला कटकट. दुसऱ्या दिवशी पाच वाजता माझ्याकडून घड्याळ वाचून घेऊन मायनं स्वतःच्या हातानं दगडांची ओळ पहारीच्या जवळ आणली. चार दिवसांपूर्वी अंगावर धावलेली बाई दगड उचलू लागायला सगळ्यात पुढं होती. त्या संध्याकाळी आम्ही तिन्ही घागरी भरल्या.

पाऊस मात्र पडलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळ्याला बैलांवर शिंपडायला पाणी नव्हतं. काम चालू राहिलं. पहार तिथंच, दगड तिथंच. आणि सूर्य परत फिरला.

दसऱ्यानंतर माय लवकर घरी यायला लागली. आधी दहा मिनिटं, मग वीस. दिवाळी उलटली तेव्हा फाटक उघडायच्या आधीच ती येऊन आमच्याशेजारी बसायची. तिला मी काही सांगायची गरज नव्हती, आता दगड आणि उंबरा तिनं जोडलेले होते. वैशाखात मांडलेली ओळ, थंडीतली लांब सावली. सावली दगडाला लागायची तेव्हा चार वाजत असत. मुकादम काही बोलत नसे. थंडीचे दिवस, त्यालाही घरी जायची घाई. आणि नियम तर त्याच्याच तोंडचा होता, सावली लागली की सुट्टी.

ते दीड-दोन महिने माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस. घरात मिलोच्या, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी होत्या, बाप परत आला नव्हता, तरीही. मायला दिवसातला एक तास परत मिळाला होता. तिनं माझ्या केसांतल्या उवा काढल्या. भावाला मांडीवर घेऊन बसली. एकदा नुसतीच दारात बसली, काही न करता, आणि मला म्हणाली, "हे आसंच ऱ्हाईल का गं?"

"संक्रांतीपतूर तर ऱ्हाईल. मग पुन्ना कमी कमी."

"मग संक्रांतीपतूर तर ऱ्हाऊ दे," ती हसून म्हणाली. गप्प राहा असं ती बोलली नाही. तिला वाटलं मला कळतंय. मी हुशार होते ना!

मार्गशीर्षात शाळेत सुकडी, म्हणजे दुष्काळात सरकारनं दिलेला गोड पौष्टिक खाऊ, वाटायचा कार्यक्रम झाला. पाहुणा म्हणून आला तोच ओव्हरसिअर. गुरुजींना आपल्या शाळेची चमक दाखवायची होती, त्यांनी मला पुढं केलं. चिमणी, कवठ, सुई. मी धडाधडा सगळं सांगितलं. साहेब मान डोलावत होता. गुरुजींनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. तिथं थांबले असते तर! पण मला सगळ्या गावापुढं दाखवायचं होतं की हे मला नुसतं पाठ नाही, समजलेलं आहे. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही पहार लावली ना, तिच्यावर पण हे दिसतं. उन्हाळ्यात दगड लावले की थंडीत सावली लवकर पोचते."

साहेब पुढं वाकला. "अस्सं? मग आता किती वाजता पोचते?"

"चार वाजता!" मी म्हणाले. "शाळा सुटायच्या एक तास आधी!"

तो खो खो हसला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि खिशातली पेन्सिल काढून मला दिली. लाल रंगाची, टोकाला रबर असलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका हातात सुकडी, एका हातात पेन्सिल, मी वस्तीपर्यंत पळत आले आणि मायला सगळं सांगितलं, अगदी साहेबाच्या हसण्यासकट. माय चुलीपुढं होती. भाकरी तव्यावर करपली तेव्हा कुठं तिचं लक्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी पहार उपटलेली होती. मुकादमानं सांगितलं, साहेबाचा हुकूम, आजपासून घड्याळ. आणि दोन महिन्यांचा चुकवलेला वेळ भरून काढायला रोज साडेपाच. उन्हाळ्यात बायांचे पाऊण-पाऊण तास गेले, ते भरून द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हा सूर्य कुणाच्या बापाचा नोकर नव्हता. आमच्या बाजूनं एक तास सरकला तर एका रात्रीत त्याला कामावरून काढून टाकलं! दगडांची ओळ हलवून घेण्यात आमचा सारा उन्हाळा गेला, मोडायला एक पेन्सिल पुरली.

साडेपाचला सुट्टी, सहाला फाटक, अर्ध्या तासात सगळी वस्ती. पुन्हा एक घागर. बायांनी मायला विचारलं, साहेबाला कळलं कसं? माय म्हणाली, "काय की." तिनं माझं नाव घेतलं नाही. गावातून हळूहळू ते बायांना कळलंच असणार, पण कुणी मला बोललं नाही, आणि ते जास्त लागलं. मीच शेवटी एका संध्याकाळी रिकामी घागर टाकून मायच्या गळ्यात पडून रडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "शिकलीस ते लई बरं झालं पोरी. पन कुनाम्होरं किती बोलावं, हे तुला कोन शिकवनार?"

ती पेन्सिल मी कधी वापरली नाही. कुठं गेली तेही आठवत नाही.

तर त्या दिवशी नव्या जिल्ह्यातल्या माझ्या वर्गात साहेब अजून उभेच होते. "अहो बाई, बोलू द्या की तिला. काय म्हणत होती, सावली?" तेही पुढं वाकले होते. माणूस वाईट नव्हता, तसा तर ओव्हरसिअरही वाईट नव्हता. मी म्हणाले, "काही नाही साहेब, मध्येच बोलायची खोड आहे तिला." माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीबद्दल मी हे म्हणाले. तिनं मान वर केली नाही. साहेबांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला, चहा घेतला आणि जीप धूळ उडवत गेली.

धूळ बसेपर्यंत मी दारात थांबले. मग मुलीला मैदानावर बोलावलं. ती यायलाच तयार नव्हती. मी तिच्याशेजारी खाली मातीत बसले आणि म्हणाले, "आता सांग. मला एकटीला सांग."

आधी तिनं नाक ओढलं. मग सांगायला लागली आणि सांगता सांगता फुलत गेली. रस्त्याच्या कामावर जेवणाची सुट्टी कडुलिंबाच्या सावलीवर असते. सावली झाडाच्या उत्तरेच्या जुन्या कट्ट्यावर आहे तोवर बायांनी बसायचं, असं तिथल्या मुकादमानं उन्हाळ्यात ठरवून दिलं. उन्हाळ्यात बाया दोन घास खाईपर्यंत सावली कट्ट्यावरून जायची. आता थंडीत ती कट्ट्यावर कितीतरी वेळ राहते. माय चार घास सावकाश खाते, जरा आडवी होते. "सूर्य खाली हाय म्हनून ना बाई? कवठ कललंय म्हनून?"

"बरोबर," मी म्हणाले. "अगदी बरोबर. पैकीच्या पैकी." आणि मग मी तिला माझ्या मायची सगळी गोष्ट सांगितली, पेन्सिलीसकट. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा गंभीर होत गेला. बारा वर्षांच्या पोरीचा चेहरा तसा व्हायला नको होता आणि तो मी करत होते. त्याचा राग कुणावर काढायचा तेही मला कळत नव्हतं.

तिनं विचारलं, "मग बाई, हे परीक्षेत आलं तर?"

"परीक्षेत चिमणी लिही आणि कवठ लिही," मी म्हणाले. "माय लिहू नको."